बाबाचं ‘हालू दे’

मी भित्री आहे. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढे कुणी म्हणायला नको की ही बाई उगाच आरडाओरडा करते. पाल पडेल म्हणून मी ट्यूबलाइटच्या खाली बसत नाही. तलासरीच्या नाक्यावर हायवे ओलांडायचा असला की एखादी म्हातारी गाठते आणि तिला सोबत देतेय असं दाखवत तिच्या पाठोपाठ पलीकडे जाते. आणि भीती वाटली की मला रडू येत नाही, राग येतो. नवरा म्हणतो, तू घाबरलीस की घरातल्या भांड्यांचं काही खरं नसतं.

बाबा माझ्या अगदी उलटा. आमच्याकडे बापाला अरेतुरेच करतात, त्यात मान कमी होत नाही, म्हणून मीही तसंच लिहिणार. कोंबड्यांच्या खुराड्यात नाग शिरला तेव्हा आम्ही सगळे झाडावर चढायचे बाकी होतो, आणि हा काठीने त्याला पुढे घालून ‘चल बाबा, चल, तुझं घर तिकडे’ म्हणत शेताच्या बांधापर्यंत सोडून आला. त्याच्या धाकाने नव्हे, त्याच्या त्या निवांतपणाने आमचं घर चालायचं. मला अंधाराची भीती वाटली की मी त्याच्या पाठीला पाठ लावून झोपायची.

तरुणपणी बाबा डहाणूजवळ एका इराणी शेठच्या चिकूच्या वाडीत कामाला होता. शेठच्या पडवीत ग्रामोफोन होता आणि दुपारच्या चहाला शेठाणी त्यावर एक इंग्रजी गाणं लावायची. अमेरिकेतलं, धांगडधिंग्याचं, त्या काळी जगभर गाजलेलं. त्याचं नाव मी इथे लिहिणार नाही. का, ते पुढे कळेल. कळल्यावर तुम्ही मला हसाल. हसा.

शेठकडे त्या एकाच गाण्याच्या दोन तबकड्या होत्या. एक कुणा काळ्या गायकाची, जाड, पोटातून आलेल्या आवाजाची. तीच आधीची. दुसरी गोऱ्या पोरांच्या बँडची. गाणं तेच, पण झपाझप म्हटलेलं आणि चावट शब्द गाळून जरा सोवळं केलेलं. शेठला पहिली आवडायची, शेठाणीला दुसरी, आणि त्यावरून चहा थंड होईपर्यंत दोघांचं जुंपायचं. शेठ म्हणायचा, पहिलं ते पहिलं. शेठाणी म्हणायची, तुझ्या पहिल्यावर मला नाचता येत नाही त्याचं काय? बाबा झाडावरून दोन्ही ऐकायचा आणि त्याला दोन्ही आवडायची.

एकदा त्याने धीर करून विचारलं, बाई, यात म्हणतात तरी काय? शेठाणीने हातातली बशी खाली ठेवली आणि कंबर हलवून दाखवली. हालव! एवढाच अर्थ त्याला मिळाला आणि तेवढ्यावर त्याने आपलं गाणं उभं केलं. एकाने ओरडायचं, ‘हालतंय गो, हालतंय!’ आणि बाकीच्यांनी म्हणायचं, ‘हालू दे गो, हालू दे!’ मग चूल हालू दे, जातं हालू दे, सासूबाईंची मांडणी हालू दे, असं सुचेल ते घालत जायचं. लहानपणी भाताची झोडणी चालू असली की मी खळ्याच्या या टोकाला आणि बाबा त्या टोकाला. मी ‘हालतंय’ म्हटलं की तो कुठेही असो, काहीही करत असो, तिकडून ‘हालू दे’ यायचंच. शिंक आल्यावर माणूस थांबू शकत नाही, तसं त्याचं होतं.

पुढे ती चाल आम्हाला जागोजागी भेटली. रेडिओवर एका हिंदी गाण्यात कुणीतरी ती सरळ उचललेली होती. नवरात्रात पलीकडून, गुजरातच्या बाजूने, गरब्याच्या भोंग्यावर आली, त्यात देवीचं नाव घातलेलं. दादाने, म्हणजे माझ्या मोठ्या भावाने, बेंजो पार्टी काढली तेव्हा बाबाचे शब्द आणि गोऱ्या पोरांचा वेग असं काहीतरी मिश्रण केलं, आणि हळदीला ते वाजल्याशिवाय नवरीला हळद लागत नाही अशी पंचक्रोशीत रीतच पडली. बाबाला प्रत्येक वेळी आनंद व्हायचा. आपलं पोर दुसऱ्याच्या मांडवात जेवताना दिसलं, असा त्याचा चेहरा व्हायचा.

मग एका वर्षी दिवाळी झाली आणि जमीन हादरायला लागली.

ज्यांनी हे अनुभवलं नाही त्यांना सांगते. आधी आवाज येतो. डोंगरात कुणी सुरुंग लावावा तसा, पण खालून. तो कानाला नाही, पोटाला ऐकू येतो. मग जमीन एक धक्का देते, कधी नुसती थरथरते, आणि संपतं. पण संपलं हे कुणी सांगायचं? भूकंप एकदा येतो आणि जातो, असं शाळेत शिकवलं होतं. आमच्याकडे तो मुक्कामालाच आला. सरकारने तंबू दिले, पोरांची शाळा झाडाखाली भरली, थंडीत म्हातारीकोतारी अंगणात झोपली. मोठी माणसं येऊन पत्रकं वाटून गेली. घाबरू नका, असं त्यात लिहिलं होतं. असं लिहून कुणाची भीती गेली असती तर मी ते कपाळाला चिकटवून फिरले असते.

कैनाडच्या पुढे आमचा पाडा. पहिला मोठा हादरा जो बसला तो शेजारच्या पाड्यात हळद चालू असताना. दादाची पार्टी वाजवत होती आणि नेमकं तेच वाजवत होती. सगळा मांडव ‘हालू दे, हालू दे’ ओरडतोय, आणि खालून तो आवाज आला. एक भिंत पडली. कुणी मेलं नाही, पण त्या दिवसापासून ते गाणं मेलं. म्हाताऱ्या म्हणाल्या, तुम्ही बोलावलंत, ते आलं. दादाला हळदीची सुपारी द्यायला आलेला माणूस आधी वचन घ्यायचा, ते तेवढं सोडून काहीही वाजवा.

आणि नुसतं गाणंच नाही, शब्दच बंद झाला. रात्री सापाला साप म्हणत नाहीत, लांबडं म्हणतात, नाव घेतलं की येतो म्हणून. तसंच. पाळणा हालवायचा नाही, झुलवायचा. दात हालत नाही, सुटलाय. आणि जमीन हादरली की ओरडायचं, ‘पाहुणा आला!’ हे कुणी ठरवलं मला माहीत नाही, पण महिन्याभरात सगळ्या पाड्याच्या तोंडी तेच बसलं. ‘काल संध्याकाळी पाहुणा येऊन गेला, कळलं का?’ ‘हो ना, मांडणीवरचा तांब्या पाडून गेला मेला.’ मी तलासरीला राहते, झेरॉक्सचं दुकान चालवते, चार माणसांत बोलते, पण मीही हा शब्द असा पकडला की विचारू नका. त्या अमेरिकन गाण्याच्या नावातही त्या बंद झालेल्या शब्दाचाच अर्थ आहे, म्हणून तेही मी तोंडाने घेत नाही. आता हसून झालं असेल तर पुढे सांगते.

बाबाने मात्र हा शब्द कधी मानला नाही. ‘जमिनीला काय पाहुणा म्हणता?’ तो म्हणायचा. ‘पाहुणा म्हणजे ज्याला पाणी द्यायचं, बसायला घोंगडी टाकायची. शब्द असे नासवू नयेत.’ तंबूत तो एकच थंडी झोपला. मग म्हणाला, प्लास्टिकचा वास येतो, आणि घरात गेला तो गेला. आता ते घर जुनं कुडाचं असतं तर मी काही म्हटलं नसतं. कूड अंगावर पडला तरी माणूस झटकून उठतो. पण दादाने दोन पैसे आल्यावर हौसेने विटांच्या भिंती घातल्या होत्या, वर तीच जुनी जड कौलं. पहिल्याच वर्षी मागच्या भिंतीला वरपासून खालपर्यंत भेग गेली. दादा सिमेंट भरायचा, ती परत उघडायची. मला रोज एकच भीती. दुकानात कागद मशीनमध्ये घालताना, भाकरी थापताना, कायम तीच: बाबा त्या भिंतीखाली असताना एक मोठा धक्का यायचा. मी फोन करकरून वहिनीला विचारायची, बाबा कुठाय? ओट्यावर आहे म्हणाली की श्वास घ्यायची. आत आहे म्हणाली की तिच्यावरच खेकसायची. ती बिचारी ऐकून घ्यायची.

वर्षं गेली. पाहुणा कधी महिनोन् महिने गायब, कधी एका आठवड्यात तीनतीनदा. माणसं तंबूतून घरात आली. मी सोडून सगळ्यांना सवय झाली.

गेल्या हिवाळ्यात वहिनीने एक उद्योग केला. बाबा ओट्यावर बसून नातीला ते गाणं म्हणून दाखवत होता, ते तिने फोनवर घेतलं आणि माहेरच्या ग्रुपवर टाकलं. तिथून ते कुठे कुठे गेलं देव जाणे. एक दिवस मुंबईहून एका मुलीचा फोन आला. ती म्हणाली, मी त्या जुन्या गाण्याचा अभ्यास करते, जगात कुठे कुठे कुणी कुणी ते आपापल्या पद्धतीने म्हटलंय ते गोळा करते. अशा गाण्याला कव्हर म्हणतात. तुमच्या बाबांचं मला नीट रेकॉर्ड करायचंय.

बाबाला सांगितलं तर म्हणाला, ‘कव्हर? वहीला घालतात ते?’

‘तेच समज.’

‘मग बरोबर आहे. आतली वही तीच. झेरॉक्स नाही म्हणाली ना?’

‘नाही.’

‘झेरॉक्सला काही जीव नसतो,’ असं मला म्हणाला, ज्या झेरॉक्सवर माझं घर चालतं. आणि वर हसला.

दादा अडून बसला. पाड्यात ते गाणं नको, लोक मला फाडून खातील. तुझ्याकडे तलासरीला गाऊ दे. मी म्हटलं, माझ्याकडे? माझ्या डोक्यावर दोन मजले आहेत, तुला वेडबिड लागलंय का? दोघांनी एकमेकांना भित्रे म्हणून घेतलं. शेवटी ठरलं, बाबाच्याच अंगणात, सकाळच्या वेळी, बेंजो नाही, ढोल नाही, हळू आवाजात. पाड्यातली बहुतेक माणसं तेव्हा कामावर गेलेली असतात.

त्या दिवशी मी दुकान बंद ठेवून लवकर पोचले. बाबा नवरदेवासारखा तयार. दाढी केलेली, केसांना तेल, बनियनवर ओट्यावर बसलेला. पांढरा शर्ट वहिनीने इस्त्री करून आत खुंटीला लावला होता. मी म्हटलं, घाल की शर्ट. तर म्हणे, ‘आत्तापासून घालून घामट करू? पाहुणे आले की घालतो. तू फक्त हाक मार.’ हे तो सहज बोलला आणि मी सहज ऐकलं. माझं लक्ष त्या भिंतीच्या भेगेकडे होतं. दादा चहासाठी दूध आणायला गेला होता. वहिनी मागे विहिरीवर. मी अंगणात खुर्च्या मांडत होते आणि मनात म्हणत होते, बाबा ओट्यावर आहे, ओट्यावर आहे, ठीक आहे.

तेवढ्यात खालून आवाज आला.

मला विचार करायला वेळ नव्हता. इतक्या वर्षांची सवय. मी जीव खाऊन ओरडले, ‘पाहुणा आला! पाहुणा आला!’ मागून वहिनीने घागर टाकल्याचा आवाज झाला, शेजारची एक म्हातारी झोपडीतून लेकरू घेऊन धावली, कुत्रं केकाटलं. आणि बाबा हसला. चेहरा उजळला त्याचा. काठी टेकून उठला, मला हाताने ‘आलो, आलो’ अशी खूण केली, आणि पाठ फिरवून घरात गेला. शर्ट घालायला.

मला ते कळेपर्यंत तो उंबरठा ओलांडून आत होता. जमीन सरकली. खुर्च्या आपोआप एकमेकींवर आपटल्या. कौलं किटकिट वाजायला लागली, आणि माझे पाय, खरं सांगते, जमिनीत रुतले. मला ओरडायचं होतं, बाबा, बाहेर ये. पण तोंडातून तेच आलं, जे इतकी वर्षं मी दातांखाली दाबून धरलं होतं. ‘हालतंय! बाबा, हालतंय! हालतंय!’

आणि आतून, त्या काळोखातून, एका बाहीत हात घालता घालता, त्याचा खणखणीत, आनंदी आवाज आला. ‘हालू दे गो, हालू दे!’

त्याला वाटलं मी पाहुण्यांसमोर गाणं सुरू केलं.

मग भिंत आत गेली. बाहेर नाही, आत. धूळ दारातून अशी आली की कुणी पोतं झटकावं. मी कधी धावले आठवत नाही. वहिनी म्हणते, तूच आधी शिरलीस, मी तुला ओढत होते आणि तू मला शिव्या देत होतीस. मला फक्त विटा आठवतात, गरम नसून हाताला भाजणाऱ्या विटा, आणि मी त्या मागे फेकत होते आणि बाबाला घाण घाण बोलत होते. म्हाताऱ्या, मुडद्या, तुला शर्ट कुणी सांगितला होता, शर्टाशिवाय काय अडलं होतं तुझं? मांडणी आडवी पडून भिंतीला टेकली होती आणि तिच्या खालच्या फटीत तो होता. खांदा मोडलेला, डोक्यातून रक्त, शर्टाची एक बाही अंगात आणि दुसरी विटांखाली. जिवंत. मी त्याचा हात धरला तर त्याने माझा असा घट्ट धरला की माझ्या बांगड्या फुटल्या.

त्याने माझ्याकडे पाहिलं. ती नजर मला लगेच ओळखता आली, कारण आरशात मी ती रोज बघते. त्याच्या डोळ्यांत मी ती कधी बघितली नव्हती.

ती मुलगी आणि तिचा सोबती गाडीतून उतरले तेव्हा आम्ही बाबाला बाजल्यावर घालून अंगणात आणला होता. त्यांच्याच गाडीत त्याला डहाणूला दवाखान्यात नेला. ती पोरगी पूर्ण वाटभर त्याच्या डोक्याला आपली ओढणी दाबून बसली होती. गाण्याचं तिने तेव्हाही विचारलं नाही आणि नंतरही नाही. चांगल्या घरची होती.

आता बाबा माझ्याकडे तलासरीला असतो. दुकानाच्या वरच आमचं घर, पण वर नको म्हणाला, म्हणून दुकानामागची तळमजल्याची खोली त्याला दिली. खांदा जुळला. पण हायवे जवळ, दिवसभर ट्रक. लोड घेतलेला मोठा ट्रक गेला की खिडकीची काच थरथरते, आणि बाबा हातातलं टाकून उठतो. ताटावरूनसुद्धा उठतो. भिंत धरत बाहेर अंगणात जाऊन उभा राहतो, आणि मी गिऱ्हाईक सोडून त्याच्यामागे. ‘ट्रक होता, बाबा.’ ‘नक्की?’ ‘हो रे, नक्की.’ मग तो माझ्या तोंडाकडे बघतो, आणि त्याला दिसतं की मलाही नक्की माहीत नाही. शेजारची माणसं आधी हसायची, आता हसत नाहीत. लहानपणी मी त्याच्या पाठीला पाठ लावायची. आता कुणी कुणाच्या पाठीला लावायची हे आम्हाला दोघांनाही कळत नाही. मला त्याचा इतका राग येतो कधी कधी. तू पण? असं त्याला गदागदा धरून विचारावंसं वाटतं.

परवा दुपारी वरात गेली. पुढे पिकअपवर डीजे, एवढे मोठे भोंगे रचलेले. लांबूनच काच वाजायला लागली. मग गाणं जवळ आलं तसं मला कळलं. वहिनीच्या त्या फोनमधला तुकडा कुणीतरी उचलून, खाली धडधड घालून, नवं गाणं बनवलं होतं. बाबाचाच आवाज. ‘हालू दे’ तेवढंच परत परत, परत परत, आणि पोरं नुसती बेभान. ज्या शब्दाला पाडा घाबरतो त्यावर तलासरी नाचत होती. मला वाटलं, बाबा आपला आवाज ओळखेल. निदान एवढं तरी ऐकून हसेल.

तो बाहेर आला तेव्हा बनियनवरच होता. माझं मनगट धरून उभा राहिला. पिकअप समोरून जाईपर्यंत त्याने त्याच्याकडे टक लावून पाहिलं, आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाला, ‘बाय, तो कोण म्हातारा ओरडतोय बघ. त्याला जाऊन सांग, असं बोलावू नये.’

मी म्हटलं, ‘सांगते.’